किपांडेची डबी आणि शनिवारचं अभ्यासमंडळ

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही नैरोबीत शाळेत शिकवता. तुमच्या तीन केनियन सहकाऱ्यांनी शेजारपाजारचे लोक जमवून दर शनिवारी ‘आपला इतिहास आपण वाचायचा’ असं अभ्यासमंडळ काढायचं ठरवलंय आणि पुस्तकं नि जागा यांसाठी तुमची मदत मागितलीय. तुम्ही म्हणता, विद्यापीठात इतिहासाचे विभाग आहेत, मोबाइलवर हवी तितकी व्याख्यानं आहेत, मग दहाबारा जणांनी खुर्च्या मांडून बसण्यात साधतं काय? आणि शेवटी जरा बिचकत विचारलंय की भारतीय बाईनं त्यात जावं का.

मी ग्रंथपाल होते. नैरोबीत २२ वर्षं काढली, त्यातली बरीचशी अशाच एका मंडळात. आता नाशिकला परत आलेय. तेव्हा जे सांगते ते मुख्यतः एका मंडळाच्या अनुभवावरून. त्यात मी चहा करायचे, वह्या सांभाळायचे आणि कधीकधी बोलायचे.

तुमचा प्रश्न माहितीबद्दलचा वाटतो, पण माहिती कमी पडते म्हणून लोक असे जमत नाहीत. शाळेत, चर्चमध्ये, सरकारी कचेरीत आपल्याबद्दल दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचून वाचून एक सवय लागते: छापलंय ते खरं, आणि घरी आजी सांगते ती नुसती गोष्ट. ही सवय एकट्यानं मोबाइल बघून जात नाही. मोबाइलवर फक्त बोलणारा बदलतो, ऐकणारा तसाच मान डोलावत बसतो.

आमचं मंडळ नैरोबीच्या ईस्टलँड्स भागातल्या एका वस्तीच्या सभागृहात भरायचं. सुरुवातीचे महिने फार कोरडे गेले. एक निवृत्त शिक्षक प्रकरणं काढून आणायचे, मोठ्यानं वाचायचे, बाकीचे शाळेतल्यासारखे गप्प. मजुरीच्या जुन्या कायद्यांवरचं एक प्रकरण आम्ही सलग तीन शनिवार वाचलं. पहिल्या महायुद्धानंतर केनियातल्या प्रौढ आफ्रिकी पुरुषांना ‘किपांडे’ नावाचं ओळखपत्र बाळगावं लागे, तेही धातूच्या डबीत घालून गळ्यात अडकवून. त्यावर बोटांचे ठसे, मालकाचं नाव, मजुरी, कामावरून कधी सोडलं त्याची नोंद. सगळ्यांनी ऐकलं, चहा प्यायले, घरी गेले.

चौथ्या शनिवारी मटाटूच्या (तिथल्या खासगी मिनीबसच्या) गॅरेजात काम करणारे एक गृहस्थ रुमालात गुंडाळलेली डबी घेऊन आले. त्यांच्या आजोबांची. कोपऱ्यात बसणारे एक म्हातारे, जे तोवर एक शब्द बोलले नव्हते, ती हातात घेऊन म्हणाले, “आम्ही हिला म्बुगी म्हणायचो.” म्बुगी म्हणजे गिकुयू या केनियातल्या मोठ्या जमातीच्या भाषेत शेळीच्या गळ्यातली घंटा. त्या दिवशी दोन तास कोणी जागचं हललं नाही. डबीतल्या कागदावर मजुरीचा आकडा अजून वाचता येत होता. शिक्षकांनी पुस्तकातून झोपडीवरच्या कराचा आकडा काढला. दोन्ही आकडे फळ्यावर शेजारीशेजारी लिहिले. कर रोख भरायचा, रोकड गोऱ्यांच्या मळ्यावरच मिळणार, म्हणून माणसं मळ्यावर गेली, हे तोवर तीनदा वाचून झालं होतं. पण ते कळलं त्या फळ्यापुढे. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे, पुस्तकात ‘म्बुगी’ हा शब्द नव्हता. पुस्तकाला माहीत नसलेलं काहीतरी आपल्यातल्याच एका माणसाला ठाऊक आहे, हे त्या खोलीनं पहिल्यांदा पाहिलं.

मंडळाचा उपयोग कोणी विचारला की मी ही डबी सांगते. घराघरात पुरावे पडून असतात. एकट्या घरात ती अडगळ असते. चार जणांत आणली की कोणीतरी तिचं नाव सांगतो, कोणीतरी आकडा लावतो, कोणीतरी ‘असं नव्हतं’ म्हणतो. विद्यापीठाचा विभाग हे काम करू शकतो, पण तिथे तुम्ही अभ्यासाचा विषय असता. इथे तपासणारे तुम्हीच.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेलं काही. ‘आफ्रिकी लोकांची स्वतःची ओळख’ असं आपण एका दमात म्हणतो, पण न्यूयॉर्कमधल्या माणसाची आणि नैरोबीतल्या माणसाची गरज एक नाही. अमेरिकेत गुलाम म्हणून नेलेल्यांची नावं, भाषा, कुळं तोडली गेली. दक्षिणेतल्या कितीतरी राज्यांत त्यांना लिहायला शिकवणं हाच गुन्हा होता. तिथे गोळा करणं हेच पहिलं काम. आर्तुरो शोम्बर्ग हा पोर्तो रिकोत १८७४ साली जन्मलेला माणूस. काळ्या लोकांना इतिहासच नाही, असं लहानपणी शिक्षकाकडून ऐकल्याची आठवण तो सांगे. पुढे त्यानं जन्मभर पुस्तकं, हस्तलिखितं, चित्रं जमवली, १९११ मध्ये जॉन ब्रूस यांच्याबरोबर इतिहास-संशोधनाची एक छोटी मंडळी उभी केली, आणि १९२६ मध्ये तो संग्रह १०,००० डॉलरला न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात गेला. हार्लेममध्ये आज त्याच्या नावाची संस्था आहे. ग्रंथपाल म्हणून माझा हा आवडता माणूस, तेव्हा जरा जास्त बोलले.

केनियात कुळ तुटलेलं नाही. गिकुयू घरात पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, पहिल्या मुलीला वडिलांच्या आईचं, मग आईकडची नावं. म्हणजे हजेरीपट म्हणजेच वंशावळ. जुन्या माणसांची वयं त्यांच्या दीक्षेच्या, म्हणजे वयात आल्यावरच्या विधीच्या, वर्षाच्या नावावरून काढता येतात. ती नावं दुष्काळ, साथ अशा त्या वर्षीच्या घडामोडींवरून पडत, आपल्याकडे ‘बहात्तरच्या दुष्काळातला’ म्हणतात तसं. इथे जे तुटलं ते घर आणि शाळा यांच्यातलं. वसाहतकाळातल्या शाळांत मातृभाषेत बोलताना सापडलेल्या मुलाला छडी मिळे किंवा ‘मी मूर्ख आहे’ असं लिहिलेली पाटी गळ्यात अडकवत. किपांडे बापाच्या गळ्यात, पाटी पोराच्या गळ्यात. (हे वाक्य माझं नाही, आमच्या मंडळातल्या शिंपीणबाईंचं.)

म्हणून भाषेच्या बाबतीत मी हट्टी आहे. तुमचे सहकारी शिक्षक आहेत, ते सवयीनं इंग्रजीत सुरू करतील. तसं झालं की वस्तीतली माणसं दुसऱ्या शनिवारपासून कमी होतील आणि तुम्हाला वाटेल की लोकांना रसच नाही. वाचन इंग्रजीत झालं तरी बोलणं स्वाहिलीत, आणि म्हाताऱ्यांना ज्या भाषेत आठवतं त्या भाषेत होऊ द्या. नैरोबीपासून तासाभरावर लिमुरूजवळ कामिरीथू आहे, तिथलं उदाहरण प्रसिद्ध आहे. १९७६ साली तिथे प्रौढ साक्षरतेचे वर्ग गिकुयूत सुरू झाले. त्यातून प्रसिद्ध लेखक न्गुगी वा थिओंगो आणि त्यांचे सहकारी न्गुगी वा मिरी यांनी गावकऱ्यांबरोबर ‘न्गाहिका न्देंदा’ (मला हवं तेव्हा लग्न करीन) हे नाटक उभं केलं. गावकऱ्यांनी दोघा शिकलेल्यांची भाषा दुरुस्त केली, म्हातारे कुठली म्हण कुठे शोभत नाही ते सांगत. उघडं नाट्यगृहही गावानंच बांधलं. २ ऑक्टोबर १९७७ ला पहिला प्रयोग झाला, १६ नोव्हेंबरला परवाना रद्द झाला, आणि वर्ष संपता संपता न्गुगी वा थिओंगोंना अटक झाली, खटल्याशिवाय. हे स्वतंत्र केनियाचे पहिले अध्यक्ष जोमो केन्याटा यांचं राज्य, इंग्रजांचं नव्हे. न्गुगी तोवर इंग्रजीत कितीतरी धारदार लिहून बसले होते. अटक झाली ती गावाच्या भाषेत गावाबरोबर काम केल्यावर. अभ्यासमंडळाला किंमत असते की नसते, हे सरकारांना आपल्या आधी कळतं.

मग शिकवायचं कोणी? माझ्या मते कोणी एकानं नाही. अमेरिकेत दक्षिण कॅरोलायनातल्या जॉन्स बेटावर जानेवारी १९५७ मध्ये एका सहकारी दुकानाच्या मागच्या खोलीत १४ काळ्या प्रौढांचा वर्ग सुरू झाला. शिकवायला शिक्षिका न आणता बर्निस रॉबिन्सन या केशभूषा करणाऱ्या बाईंना मुद्दाम बोलावलं होतं. त्या पहिल्या दिवशी लहान मुलांची पुस्तकं घेऊन गेल्या, ती या माणसांसमोर चालणार नाहीत हे लगेच ओळखून बाजूला ठेवली आणि विचारलं, तुम्हाला काय शिकायचंय? कोणाला सही करायची होती, कोणाला मनीऑर्डरचा अर्ज भरायचा होता, कोणाला बायबल वाचायचं होतं. मतदारनोंदणीसाठी राज्याच्या घटनेतला मजकूर वाचून दाखवावा लागे, तोही त्यांनी त्यातच घेतला. असे वर्ग पुढे दक्षिणेत सगळीकडे पसरले. कार्टर वुडसन यांची गोष्टही अशीच. त्यांनी पुढे हार्वर्डची डॉक्टरेट घेतली, १९१५ मध्ये शिकागोत काळ्या लोकांच्या इतिहासाची संघटना काढली, आणि आजच्या ‘ब्लॅक हिस्टरी मंथ’चं मूळ असलेला सप्ताह १९२६ मध्ये सुरू केला. पण त्याआधी ते वेस्ट व्हर्जिनियात कोळशाच्या खाणीत काम करत. तिथल्या ऑलिव्हर जोन्स या जुन्या सैनिकाला वाचता येत नव्हतं, पण त्याच्या घरी खाणकामगार जमत आणि तरुण वुडसन त्यांना वर्तमानपत्रं वाचून दाखवत. बदल्यात फळं, खाऊ. इतिहासाची गोडी तिथे वाढली असं त्यांनी स्वतः म्हटलंय. निरक्षर यजमान, खाणकामगार श्रोते आणि वाचणारा एक पोरगा, एवढ्यावर ते मंडळ चाललं होतं.

आता धोके. पहिला धोका वक्त्यांचा. आमच्याकडे एकदा एक पाहुणे आले आणि अडीच तास बोलले. जगात जे काही चांगलं निघालं ते आफ्रिकेतूनच, इजिप्तचे फेरो, मालीचा मन्सा मुसा, सगळे राजे, सगळं सोनं. टाळ्या पडल्या. आपल्याकडे पुष्पक विमानावर पडतात तशाच. पुढच्या शनिवारी शिंपीणबाई म्हणाल्या, “सगळे राजेच होते, तर माझी आजी कोणाची भांडी घासत होती?” मन्सा मुसा १३२४ मध्ये मक्केला गेला हे खरंच आहे आणि ते वाचायलाही हवं. पण अपमानाला उतारा म्हणून नुसता अभिमान प्यायला लागलं की मंडळाची भजनी मंडळी होते. आम्ही तेव्हापासून एक ठरवलं: कोणीही काही सांगितलं की ‘हे तुला कुठून कळलं?’ असं विचारायचं, आणि ‘आजीनं सांगितलं’ हे उत्तरही चालेल. फक्त मग आजीला ते कुठून कळलं, हा पुढचा प्रश्न.

दुसरा धोका जास्त खरा, आणि त्यात आमचं चुकलं. १९५० च्या दशकात इंग्रजांविरुद्ध लढलेल्या माऊ माऊ संघटनेवरची बंदी स्वतंत्र केनियातही २००३ पर्यंत उठली नव्हती. म्हणजे स्वातंत्र्यानंतर चाळीस वर्षं घराघरात गप्प. बंदी उठल्यावर आम्ही उत्साहानं तो विषय घेतला. एकाचे आजोबा जंगलात लढलेले, दुसऱ्याचे इंग्रजांच्या होमगार्डमध्ये. काही लाख माणसांना काटेरी कुंपणाच्या वस्त्यांत डांबलं गेलं तेव्हा पहाऱ्यावर उभे होते ते शेजारीच होते, आणि पुढे जमिनीचे पट्टे कोणाला मिळाले हे सगळ्यांना ठाऊक होतं. पाऊण तासात दोघेही उभे राहिले. एक जण निघून गेला तो सात महिने आला नाही. दोष आमचा, कसलीही तयारी न करता आम्ही तिथे हात घातला. नंतर एक नियम केला, तो तुम्ही पहिल्या दिवसापासून ठेवा: ‘तुझ्या आजोबांनी’ असं वाक्य कोणी सुरू करायचं नाही, ‘माझ्या आजोबांनी’ असंच करायचं. तो माणूस परत आला तेव्हा त्यानंच पहिलं वाक्य असं सुरू केलं. २०१३ मध्ये ब्रिटिश सरकारनं छावण्यांत छळ झालेल्या ५,२२८ जणांना भरपाई मान्य केली, तेव्हा आमच्या सभागृहात बातमी वाचून झाल्यावर बराच वेळ कोणी बोललं नाही. त्या दाव्यात लपवून ठेवलेल्या सरकारी फायली लागल्या तशा म्हाताऱ्यांच्या साक्षीही लागल्या. कोणाच्या तरी ओसरीवर त्या आठवणी टिकल्या होत्या म्हणून.

परंपरेबद्दलही तयार राहा. ‘म्वाचा मिला नी म्तुम्वा’, म्हणजे रूढी सोडणारा गुलाम, ही स्वाहिली म्हण कोणीतरी पहिल्याच आठवड्यात म्हणेल. आमच्याकडे त्यावर एक तरुण मुलगी उठली: “कुठली रूढी? माझ्या आईला कापली ती?” १९२९ च्या सुमारास मुलींच्या सुंतेला मिशनऱ्यांनी विरोध केला. त्यातून गिकुयूंनी मिशनपासून फुटून स्वतःच्या स्वतंत्र शाळा काढल्या. १९५२ च्या आणीबाणीत इंग्रजांनी त्या बंद केल्या. म्हणजे स्वतःची शाळा हवी हा अभिमानाचा धागा आणि मुलींच्या अंगावरची सुरी एकाच गाठीत. २०११ पासून केनियात त्या प्रथेविरुद्ध स्पष्ट कायदा आहे, पण ही गाठ कायद्यानं सुटत नाही, मंडळात दोन-तीन शनिवार घालून निदान बघता तरी येते. आम्हाला चार लागले.

आता तुमचा बिचकत विचारलेला प्रश्न. जा. पण मागे बसा, आणि एक दिवस दुकावाल्याचा, म्हणजे भारतीय दुकानदाराचा, विषय निघेल तेव्हा उठून जाऊ नका. ‘दुका’ हा शब्दच आपल्याकडून गेलाय, ‘गारी’ आणि ‘बिमा’ तसेच. वसाहतीच्या उतरंडीत गोरे वर, आपण मधे, आफ्रिकी खाली. नैरोबीतलं मॅकमिलन ग्रंथालय १९३१ मध्ये उघडलं तेव्हा तिथे फक्त गोऱ्यांना प्रवेश होता, ना आफ्रिकींना ना आपल्याला. पण दुकानाच्या गल्ल्यावर मात्र आपणच होतो. मला पहिल्यांदा हे तोंडावर ऐकवलं तेव्हा राग आला होता. खोलीतल्याच एकानं माझ्या आधी पिओ गामा पिंटोंचं नाव काढलं. नैरोबीत जन्मलेला हा गोवेकर पत्रकार, शाळाकॉलेजासाठी भारतात राहिलेला, इंग्रजांनी १९५४ मध्ये डांबलेला, आणि स्वतंत्र केनियात २४ फेब्रुवारी १९६५ ला घरासमोर गोळ्या घालून मारलेला. तेव्हा दुकावालाही खरा, पिंटोही खरे. तुम्ही पिंटोंचं नाव स्वतःहून पुढे करू नका, ते ढालीसारखं दिसतं. कोणी काढलं तर ऐका.

आणि कदाचित तुमच्याही पदरात काही पडेल. माझ्या पडलं. मंडळात केनियाच्या किनाऱ्यावरचे, मोंबासाकडचे एक गृहस्थ अधूनमधून येत. मी नाशिकची म्हटल्यावर ते म्हणाले, “मग तू आमच्या गावची.” मला वाटलं थट्टा. पण एकोणिसाव्या शतकात इंग्रजी आरमारानं गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं मुंबईत उतरवली जात, आणि त्यांतली कित्येक नाशिकजवळच्या शरणपूर या मिशनऱ्यांच्या वसाहतीत ठेवली जात. तिथे ती सुतारकाम, लोहारकाम, लिहिणंवाचणं शिकली. आफ्रिकेत वारलेला इंग्रजांचा प्रसिद्ध मिशनरी-प्रवासी लिव्हिंग्स्टन, त्याचा देह किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत नाशिकला शिकलेली पोरं होती. त्यांतला जेकब वेनराइट १८७४ च्या एप्रिलमध्ये वेस्टमिन्स्टर ॲबेमधल्या दफनविधीत शवपेटीबरोबर चालला. पुढच्याच वर्षी मोंबासाजवळ फ्रेरटाउन वसलं, मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रेर यांच्या नावानं, आणि नाशिकहून गेलेले ‘बॉम्बे आफ्रिकन’ तिथले पहिले शिक्षक, कारागीर झाले. मी अठरा वर्षं शरणपूर रोडवरून शाळा-कॉलेजात गेले होते. शरण कोण आलं होतं, हे मला नैरोबीच्या एका सभागृहात कळलं.

थोडं व्यवहाराचं, भराभर. बारापेक्षा जास्त माणसं झाली तर दोन गट करा. एका बैठकीला चार-पाच पानं पुरे, ती आळीपाळीनं मोठ्यानं वाचा, म्हणजे वाचता न येणारा वेगळा पडत नाही. वही ठेवा आणि त्यात कोण काय म्हणालं यापेक्षा कुठल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही ते लिहा, पुढचा शनिवार त्यातूनच निघतो. जागा चर्चची किंवा पक्षाच्या माणसाची फुकट मिळत असेल तर भाड्याची घ्या, फुकट जागेचं भाडं नंतर वसूल होतं. वर्गणी सगळ्यांनी द्यावी, दहा शिलिंग का होईना, तुम्ही एकटीनं खर्च करू नका. आपल्या ‘थेंबे थेंबे तळे साचे’सारखी त्यांच्याकडे ‘हाबा ना हाबा हुजाझा किबाबा’ म्हण आहे, ती सांगितली की वर्गणी निघते.

पुस्तकांची यादी मागितली होती, ती मी आत्ता देत नाही. पहिल्या शनिवारी प्रत्येकाला एवढंच सांगायला सांगा की तुमचं नाव कोणावरून ठेवलंय आणि ते माणूस काय काम करत होतं. त्यातून काय निघतं ते मला कळवा, मग कोणतं पुस्तक आधी घ्यायचं ते सांगते.